ए, आर, ई असलेले पाच अक्षरी इंग्रजी शब्द: यादी मागण्याआधी काय ठरवायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ए, आर आणि ई ही तिन्ही अक्षरं असलेल्या पाच अक्षरी इंग्रजी शब्दांची पूर्ण यादी हवी आहे. वर्डल, म्हणजे पाच अक्षरी इंग्रजी शब्द सहा चालींत ओळखायचा रोजचा ऑनलाइन खेळ, खेळताना दुसऱ्या चालीपर्यंत ही तीन अक्षरं सापडतात, पण पुढे गाडी अडते आणि सहा चाली संपतात. शिक्षण मराठी माध्यमात झालं म्हणून शब्द कमी पडतात का, अशीही शंका तुम्ही विचारली आहे.

यादी मिळेल. ती नेटवर कुठेही मिळते आणि तिचा उपयोग फारसा होत नाही, कारण तुम्ही नेमकी सर्वांत जास्त येणारी तीन अक्षरं निवडलीत. वर्डलच्या मूळ उत्तरांच्या यादीत २३१५ शब्द होते. त्यात ई १२३३ वेळा येतो, ए ९७९ वेळा आणि आर ८९९ वेळा. त्यानंतर ओ ७५४, टी ७२९, एल ७१९, आय ६७१, एस ६६९, एन ५७५. म्हणजे तुमच्या हाती लागलेली अक्षरं पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाची आहेत. ती "आहेत" एवढंच कळल्याने फार शब्द गळत नाहीत. मोठ्या शब्दकोशात असे शब्द शेकड्यांनी भरतील. ती यादी वाचत बसलात तर चहा गार होईल आणि निर्णय तरीही होणार नाही.

खरी अडचण अशी की तुम्ही "कोणती अक्षरं आहेत" एवढंच विचारताय. खेळ तुम्हाला आणखी दोन गोष्टी सांगत असतो: कोणतं अक्षर कुठे नाही आणि कोणतं अक्षर मुळातच नाही. शब्द गाळायचं बरंचसं काम ही "नाही"वाली माहिती करते.

उत्तर काही प्रमाणात खेळावर अवलंबून आहे, ते आधी सांगते. वर्डलला उत्तर रोजच्या वापरातलं असतं, पण अंदाज म्हणून सुमारे १५ हजार शब्द चालतात. स्क्रॅबलला, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्या मांडून शब्द करायच्या खेळाला, कोशात आहे तो प्रत्येक शब्द चालतो, अर्थ माहीत असो वा नसो. शब्दकोड्यात अर्थाचं सूत्र हाताशी असतं, त्यामुळे अक्षरांची यादी हा तिथे शेवटचा उपाय. खालचं बहुतेक विवेचन वर्डलचं आहे, स्क्रॅबलबद्दल शेवटी थोडं. शब्द देवनागरीत लिहिते आहे, पण जिथे घोटाळा होऊ शकतो तिथे स्पेलिंग अक्षरागणिक देते.

आता एक डाव पूर्ण उलगडून बघू. पहिली चाल क्रेन, सी-आर-ए-एन-ई. हिरवा म्हणजे अक्षर योग्य घरात, पिवळा म्हणजे अक्षर आहे पण दुसऱ्या घरात, राखाडी म्हणजे अक्षर नाही. रंग असे आले: सी राखाडी, आर पिवळा, ए पिवळा, एन राखाडी, ई हिरवा. तुमची नेहमीची परिस्थिती, फक्त ई ची जागाही पक्की झालेली.

इथे शब्द आठवायला लागू नका. आधी साचे मांडा. ई पाचव्या घरात पक्का. ए तिसऱ्या घरात नाही, म्हणजे पहिल्या, दुसऱ्या किंवा चौथ्या घरात आहे. आर दुसऱ्या घरात नाही, म्हणजे पहिल्या, तिसऱ्या किंवा चौथ्या घरात. दोघं एकाच घरात बसू शकत नाहीत हे धरलं तर सातच साचे उरतात. प्रत्येक साच्यात दोन रिकामी घरं, आणि त्यात सी किंवा एन टाकायचा नाही.

ए पहिला, आर तिसरा: अग्री, ए-जी-आर-ई-ई. हा शब्द बहुतेकांच्या नजरेतून सुटतो, कारण हिरवा ई मिळाला की "ई चं काम झालं" असं मनाशी धरलं जातं. एक ई हिरवा आला म्हणून दुसरा नाही असं खेळाने कुठेही सांगितलेलं नाही.

ए पहिला, आर चौथा: अडोर म्हणजे ए-डी-ओ-आर-ई, अ‍ॅझुअर म्हणजे ए-झेड-यू-आर-ई, अफायर म्हणजे ए-एफ-आय-आर-ई.

आर पहिला, ए दुसरा: रेझ, आर-ए-आय-एस-ई. रेंज सुचेल, पण एन गेला आहे.

ए दुसरा, आर तिसरा: लार्ज, बार्ज, पार्स. कार्व्ह सी मुळे बाद.

ए दुसरा, आर चौथा: केडर लगेच सुचतो, सी मुळे बाद. पाद्रे आणि सेबर, म्हणजे एस-ए-बी-आर-ई, कोशात आहेत, पण उत्तर म्हणून येण्याची शक्यता कमी.

उरलेल्या दोन साच्यांत ए चौथा, म्हणजे शब्द ए-ई ने संपणार. शेवाळाचं अनेकवचन अल्गी तसं संपतं, पण त्यात आर नाही. या साच्यांत वापरातलं काही सापडत नाही, सोडून द्या.

म्हणजे शेकड्यांची यादी आठ शब्दांवर आली: अग्री, अडोर, अ‍ॅझुअर, अफायर, रेझ, लार्ज, बार्ज, पार्स. साचे मांडायला कागदावर दोन मिनिटं लागतात, सवयीने मनातल्या मनात होतं.

दुसरा निर्णय जास्त महत्त्वाचा: या आठांतला कोणता खेळायचा? बहुतेक जण जो आधी सुचला तो टाकतात. तसं न करता प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारा: हा टाकला तर बाकीचे किती गटांत फुटतील?

लार्ज टाकून बघा. उत्तर बार्ज असेल तर एल राखाडी आणि पुढची चारही हिरवी. पार्स असेल तर ए, आर, ई हिरवी आणि जी राखाडी. रेझ असेल तर ए हिरवा पण आर पिवळा. अग्री असेल तर ए पिवळा, आर हिरवा, जी पिवळा. अडोर, अ‍ॅझुअर, अफायर या तिघांना सारखेच रंग येतात: ए पिवळा, आर पिवळा, जी राखाडी. म्हणजे लार्ज धरून सहा गट झाले आणि सर्वांत मोठा गट तिघांचा.

त्याजागी अ‍ॅझुअर टाकला असता तर? लार्ज, बार्ज, पार्स आणि रेझ या चौघांना एकसारखे रंग. अडोर आणि अफायर दुसऱ्या गटात एकत्र, अग्री वेगळा, अ‍ॅझुअर स्वतः वेगळा. चारच गट, मोठा गट चौघांचा. दोन्ही शब्द "बरोबर असू शकतात" याच पातळीचे, पण लार्ज जास्त कामाचा. झेडसारखं क्वचित येणारं अक्षर अंदाजात घातलं की सहसा हेच होतं: ते राखाडी येतं आणि हाती काही लागत नाही.

लार्ज टाकून तिघांचा गट उरला तरी हातात चार चाली आहेत, तेव्हा अडोर, अ‍ॅझुअर, अफायर एकामागून एक टाकले तरी निभावतं. पण चाल वाचवायची असेल तर फज टाका, एफ-यू-डी-जी-ई. एफ पिवळा आला तर अफायर, यू आला तर अ‍ॅझुअर, डी आला तर अडोर. फज स्वतः उत्तर नाही हे माहीत असूनही टाकायचा. ही कल्पना पचायला थोडी जड जाते, पण पुढच्या सापळ्यात तीच वाचवते.

तो सापळा म्हणजे चार हिरवी घरं. दुसऱ्या चालीला नाइट टाकला, एन-आय-जी-एच-टी, आणि पहिलं अक्षर सोडून सगळं हिरवं झालं. आनंद होतो, पण पुढे उभे आहेत एट, फाइट, लाइट, माइट, राइट, साइट, टाइट आणि डब्ल्यूने सुरू होणारा वाइट. आठ शब्द आणि चार चाली. एकेक टाकत गेलात तर प्रत्येक चाल एकच शब्द बाद करते आणि निम्म्या वेळा डाव हातचा जातो. "एवढं जवळ येऊन हरलो" ही तक्रार बहुतेक वेळा अशाच डावाची असते.

इथे हिरवी अक्षरं मुद्दाम सोडून द्या. तिसरी चाल रेल्म, आर-ई-ए-एल-एम. आर हिरवा झाला तर राइट. ई पिवळा झाला तर एट, एल पिवळा तर लाइट, एम पिवळा तर माइट. काहीच आलं नाही तर उरले फाइट, साइट, टाइट, वाइट. मग चौथी चाल स्विफ्ट, तीच गाडीवाली. एस हिरवा तर साइट, डब्ल्यू पिवळा तर वाइट, एफ पिवळा तर फाइट, तिन्ही राखाडी तर टाइट. स्विफ्टमधला टी दरवेळी हिरवाच येईल, त्याकडे लक्ष द्यायचं नाही. पाचव्या चालीला उत्तर हमखास. दोन्ही शब्द ओळखीचे, कुठलाही कोश धुंडाळायला नको.

रिकामं घर पहिलं असो वा मधलं, पद्धत तीच: त्या घरात बसू शकणारी सगळी अक्षरं लिहा आणि त्यातली जास्तीत जास्त अक्षरं असलेला कोणताही शब्द शोधा. अशी आणखी कुटुंबं ओळखून ठेवा. ए-टी-सी-एच वाले बॅच, कॅच, हॅच, लॅच, मॅच, पॅच, वॉच. ओ-यू-एन-डी वाले बाउंड, फाउंड, हाउंड, माउंड, पाउंड, राउंड, साउंड, वूंड. एस-एच-ए नंतर एक रिकामं घर आणि शेवटी ई: शेड, शेक, शेल, शेम, शेप, शेअर, शेव्ह. एस नंतर एक घर आणि मग ओ-आर-ई: स्कोअर, शोअर, स्नोअर, स्पोअर, स्टोअर, स्वोअर.

तुमच्या ए, आर, ई शी थेट संबंध असलेलं कुटुंब वेगळं आहे आणि ते सर्वांत मोठं: दुसऱ्या घरात ए, शेवटी ई-आर. वॉटर, लेटर म्हणजे एल-ए-टी-ई-आर, पेपर, लेअर, बेकर, मेकर, टेकर, गेमर, वेजर, वेफर, टेपर, केटर, लेझर, सेफर, रेसर, हेटर, ईटर, आणि ही यादी इथे संपत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये एकदा उत्तर होतं पेअरर, पी-ए-आर-ई-आर, म्हणजे साल काढणारा. त्या दिवशी पुष्कळांची लांबलेली स्ट्रीक, म्हणजे सलग जिंकलेल्या दिवसांची साखळी, तुटली, कारण आर दोनदा येईल हे डोक्यात नव्हतं आणि शब्दही रोजचा नाही.

या कुटुंबात दोन घरं रिकामी असतात, म्हणून पहिला अंदाज कुटुंबातलाच चालतो. वॉटर टाकला तर डब्ल्यू हिरवा आल्यास वेजर, वेफर, वेव्हर एवढेच. टी हिरवा आल्यास लेटर, केटर, हेटर, ईटर. टी पिवळा आल्यास तो पहिल्या घरात: टेकर, टेपर, टेमर. दोन्ही राखाडी आल्यास मात्र कुटुंबाबाहेर पडा आणि प्लम टाका, पी-एल-यू-एम-बी. पी, एल, एम, बी एका झटक्यात तपासली जातात. शेवटचा बी ऐकू येत नाही म्हणून हा शब्द सहसा सुचत नाही, पण तपासणीसाठी फार कामाचा.

हार्ड मोड लावला असेल तर हे सगळं बंद. तिथे हिरवं अक्षर जागच्या जागी ठेवावं लागतं आणि पिवळं कुठेतरी घ्यावंच लागतं, म्हणजे रेल्म आणि स्विफ्ट खेळ स्वीकारणारच नाही. हार्ड मोडमध्ये उपाय आधीच करायचा असतो: आय आणि टी सापडल्यावर लगेच जी-एच-टी कडे धाव घ्यायची नाही, आधी लहान कुटुंबातले पर्याय संपवायचे. तरीही कधीतरी नशिबावर सोडावं लागतं. शिकत असाल तर हार्ड मोड बंद ठेवा, त्यात कमीपणा काही नाही.

राखाडी रंगाबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण तिथे चुकीचं वाचन झालं तर पुढची सगळी गाळणी चुकते. अंदाजात एखादं अक्षर दोनदा असेल आणि उत्तरात एकदाच, तर एकालाच रंग मिळतो, दुसरं राखाडी होतं. उत्तर पर्ल आहे, पी-ई-ए-आर-एल, आणि तुम्ही लेव्हल टाकला. पहिला एल राखाडी, पहिला ई हिरवा, व्ही राखाडी, दुसरा ई राखाडी, शेवटचा एल हिरवा. घाईत वाचणारा म्हणतो, "एल राखाडी आलाय, म्हणजे एल नाही." प्रत्यक्षात खेळाने सांगितलंय की एल एकच आहे आणि तो शेवटी आहे, ई एकच आहे आणि तो दुसऱ्या घरात आहे. ही फार मोलाची माहिती आहे. म्हणून कीबोर्डवरचा रंग बघून निर्णय घेऊ नका, ओळीतली घरं बघा.

आतापर्यंतचं एका दमात: आधी साचे, मग साच्यांत बसणारे शब्द, मग जास्त गट पाडणारा अंदाज, आणि एकच घर अडलं असेल तर उत्तराचा नाद सोडून तपासणीचा शब्द.

पहिला शब्द कोणता, यावर लोक जितका वाद घालतात तितका फरक पडत नाही. मूळ २३१५ शब्दांच्या यादीवर संगणकाने सगळ्या शक्यता तपासून एस-ए-एल-ई-टी हा शब्द सर्वोत्तम ठरवला आहे, सरासरी ३.४२ चाली. सॅलेट म्हणजे मध्ययुगीन युरोपातलं एक शिरस्त्राण. स्लेट, क्रेट, ट्रेस, क्रेन हे शब्द त्याच्या अगदी जवळ आहेत आणि पुढच्या चाली संगणकासारख्या अचूक खेळता येत नसतील तर तो फरक दिसणारही नाही. अ‍ॅड्यू मात्र टाळा, ए-डी-आय-ई-यू. चार स्वर एकदम तपासले जातात म्हणून तो लोकप्रिय आहे, पण शब्दाची ओळख व्यंजनांनी पटते. ए आणि ई आहेत हे कळून काय होतं ते तुम्ही अनुभवताच आहात. पहिल्या शब्दाची पाचही अक्षरं राखाडी आली तर दुसरा शब्द पूर्ण नव्या अक्षरांचा घ्या: क्रेननंतर मॉइस्ट चांगला.

घरांचाही विचार करा. मूळ यादीत ३६६ शब्द एस ने सुरू होतात, पण एस ने संपणारे फक्त ३६. कारण साधं आहे, एस लावून केलेली अनेकवचनं उत्तर म्हणून ठेवलेली नव्हती. अंदाज म्हणून ती चालतात, उत्तराच्या आशेने खेळू नका. ई ने ४२४ शब्द संपतात, वाय ने ३६४. तेव्हा आर-ए-ई सापडली आणि ई ची जागा माहीत नसेल तर आधी पाचवं घर तपासा, मग चौथं, म्हणजे ई-आर चा शेवट.

आता मराठी माध्यमाचा मुद्दा. शब्दसंग्रह कमी पडतो असं मला वाटत नाही. वर दिलेल्या शब्दांपैकी बहुतेक तुम्हाला माहीत असतील. अडतं ते असं की आपण शब्द कानाने आठवतो. साइट म्हटलं की जी-एच डोळ्यासमोर येत नाहीत, थम म्हटलं की शेवटचा बी येत नाही. त्यामुळे रिकाम्या घरांकडे बघताना अक्षरांच्या जोड्या आठवायची सवय लावा. सुरुवातीला एस-टी, एस-एच, सी-एच, टी-आर, सी-आर, बी-आर, जी-आर, आणि मुद्दाम लक्षात ठेवायच्या के-एन आणि डब्ल्यू-आर, कारण त्यातलं पहिलं अक्षर ऐकू येत नाही: नाइफ, नॉक, राइट म्हणजे डब्ल्यू-आर-आय-टी-ई, रॉंग. शेवटी सी-एच, टी-एच, सी-के, डी-जी-ई, एन-जी-ई, एल-वाय. सी-के ने इंग्रजी शब्द सुरू होत नाही. व्ही वर सहसा संपत नाही, मागे ई लागतोच. क्यू नंतर यू धरून चला. शेवटी आय क्वचित, आणि आला तर शब्द बहुधा परभाषेतून आलेला: अलिबाय, फंगाय, रबाय. एकही स्वर लागत नसेल तर वाय ला स्वराच्या जागी बसवा: निम्फ, क्रिप्ट, ट्रिस्ट, पिग्मी.

भारतात शिकलेल्या सगळ्यांनाच, माध्यम कोणतंही असो, आणखी एक अडचण येते. आपलं स्पेलिंग ब्रिटिश. कलर, फेव्हर, ह्यूमर, ऑनर, लेबर, रूमर, आर्मर यांत आपण यू घालतो आणि ते सहा अक्षरी होतात, म्हणून पाच अक्षरी शब्द शोधताना आठवतच नाहीत. अमेरिकी पद्धतीत यू गळतो आणि पाच अक्षरं उरतात. वर्डल जानेवारी २०२२ च्या अखेरीस न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतला. त्याआधी त्याच जानेवारीत फेव्हर हे उत्तर आलं होतं, फेब्रुवारीत ह्यूमर आलं, आणि ब्रिटनमधले खेळाडू भडकले होते. फायबर, मीटर, लिटर यांत अक्षरं तीच राहतात पण शेवट आर-ई ऐवजी ई-आर होतो. तुमच्या अक्षरांसाठी हे थेट कामाचं आहे: शेवटी आर-ई ला जागा दिसली तर ई-आर चाही विचार करा. आर-ई वाला फायबर तर टाइम्सने उत्तरांच्या यादीतून काढूनच टाकला.

तरीही सरावासाठी स्वतःची यादी हवी असेल तर स्प्रेडशीटमध्ये अर्ध्या तासात होते. इनेबल नावाची शब्दयादी सर्वांना खुली आहे, सुमारे पावणेदोन लाख शब्द. ती पहिल्या कॉलममध्ये टाका. चिकटवण्याआधी कॉलमचा प्रकार साधा मजकूर असा करा. नाहीतर फॉल्स हा शब्द, एफ-ए-एल-एस-ई, स्प्रेडशीट तार्किक मूल्य समजते आणि मजकूर शोधताना तो निसटू शकतो. चक्क पाच अक्षरी शब्द, आणि हरवतो. मग लांबी मोजणारं लेन फंक्शन लावून पाच अक्षरी तेवढे ठेवा. यादी अचानक रिकामी दिसली तर शब्दांमागे न दिसणारी मोकळी जागा किंवा ओळ संपल्याची खूण चिकटलेली असते आणि लांबी सहा मोजली जाते. मोकळी जागा ट्रिम फंक्शनने जाते, ओळीची खूण क्लीन फंक्शनने.

पुढे मिड फंक्शन वापरून प्रत्येक शब्दाची पाच अक्षरं पाच कॉलममध्ये तोडा आणि सगळ्यांना फिल्टर लावा. क्रेनचं उदाहरण इथे असं बसेल: शेवटच्या अक्षराच्या कॉलममध्ये फक्त ई ठेवा. तिसऱ्यातून ए ची खूण काढा, दुसऱ्यातून आर ची. सी आणि एन पाचही कॉलममधून काढा. मूळ शब्दाच्या कॉलमवर "यात ए आहे आणि यात आर आहे" अशी दुहेरी अट घाला. एक्सेलमध्ये त्या खिडकीत दोनच अटी बसतात. पिवळी अक्षरं तीन झाली तर वेगळा कॉलम करून त्यात काउंटइफने ते अक्षर त्या पाच घरांत किती वेळा आलं ते मोजा आणि एक किंवा जास्त असलेले ठेवा. हाच कॉलम दोन वेळा येणाऱ्या अक्षरांसाठीही चालतो. मघाचे आठ शब्द त्यात दिसतील, शिवाय ई-ए-जी-आर-ई सारखे, बहुतेकांनी कधी न ऐकलेले शब्दही दिसतील. ते वर्डलसाठी सोडून द्या.

चालू डावात मात्र ही शीट उघडू नका. संपल्यावर उघडा आणि आपल्या कोणत्या चालीने किती शब्द उरवले ते बघा. दुसऱ्या चालीनंतर दहाहून जास्त उरत असतील तर चूक अंदाज निवडण्यात आहे. तीन-चार उरूनही हरत असाल तर साचे मांडण्यात किंवा राखाडी रंग वाचण्यात.

स्क्रॅबल खेळत असाल तर हेच तीन अक्षरांचं भांडवल वेगळ्या तऱ्हेने वापरायचं. तिथे घर ठरलेलं नसतं आणि सातही सोंगट्या एकदम लावल्या तर ५० गुण जास्तीचे मिळतात, म्हणून पाच अक्षरी यादीपेक्षा सहा अक्षरांचा पाया पाठ करणं फायद्याचं. ए, आर, ई सोबत टी, आय, एन जमवा, म्हणजे रेटिना. त्यात सी मिळवला की सर्टन, पी की पेंटर, जी की ग्रॅनाइट, डी की ट्रेन्ड, एल की रिलायंट, एम की मिनारेट, एफ की फेंटर, एस की रिटेन्स. सातवं अक्षर काहीही येवो, बऱ्याचदा शब्द तयार. आणि क्यू अडकला, यू नाही, तर कॉलिन्सच्या, म्हणजे स्क्रॅबलसाठी वापरल्या जाणाऱ्या एका शब्दकोशाच्या, यादीत आपल्या कानावरचे शब्द आहेत: फकीर, निकाब, तलाक, कोर्मा, सगळ्यांत क च्या जागी क्यू, सगळे पाच अक्षरी. बुरख्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्येही क्यू आहे, पण तिथे यू आधी लागतो, बी-यू-आर-क्यू-ए. वर्डलमध्ये यांची वाट बघू नका.

पुढच्या वेळी अडलात तर आतापर्यंतचे अंदाज आणि प्रत्येक घराचा रंग इथे लिहा, हार्ड मोड चालू आहे का तेही सांगा. तेवढ्यावर साचे मांडून दाखवता येतील.